तिसऱ्या लेकराचा हिशेब

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सन्माननीय सदस्यांना,



तुमच्यापैकी कुणाला तीन अपत्यं असतील, कुणाला चार. तेवढ्यावरून तुमचा उमेदवारी अर्ज बाद झाला नाही आणि होऊही नये. मात्र यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या मारेगाव तालुक्यात एखाद्या पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, कोलाम बाईला १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं लेकरू झालं असेल, तर तिला ग्रामपंचायतीची साधी सदस्यही होता येत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४(१)(ज-१) तिला अडवतं. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, नगरपंचायत, सगळीकडे हीच अट आहे. ती फक्त तुमच्या सभागृहाच्या दाराशी येऊन थांबते. हे कलम तुमच्याच सभागृहाने केलं, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

या कलमामागे एक समजूत आहे. लेकरं जास्त म्हणून घर गरीब, तेव्हा लेकरं कमी करायला लावा, घर आपोआप सावरेल, अशी ती समजूत. शहरातल्या दिवाणखान्यात ती आहे, सरकारी योजनांच्या अटींमध्ये आहे आणि आमच्या गावातल्या चांगल्या शिकलेल्या माणसांच्या बोलण्यातही आहे. मी ज्या तालुक्यात राहते तिथे ती रोज खोटी ठरताना दिसते.

मारेगाव तालुक्यातलं जळका हे गाव तुम्हाला माहीत असेलच. कलावतीबाई बांदूरकर तिथल्या. त्यांच्या पतीने २००५ मध्ये आत्महत्या केली. मागे सात मुली आणि दोन मुलगे. जुलै २००८ मध्ये राहुल गांधी त्यांच्या घरी आले आणि त्याच महिन्यात, २२ तारखेला, अणुकरारावरून आलेल्या विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेत त्यांनी लोकसभेत कलावतीबाईंचं नाव घेतलं. एका पिकावर विसंबून न राहता या बाईने मिळकतीचे मार्ग वाढवले, असं ते म्हणाले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये अविश्वास ठरावावर बोलताना अमित शहा यांनी पुन्हा त्यांचं नाव घेतलं. त्यांना मदत नेमकी कुणाकडून मिळाली यावरून वाद झाल्यावर ते कलावतीबाईंना स्वतःच पुढे येऊन सांगावं लागलं. देशाच्या संसदेत पंधरा वर्षांच्या अंतराने दोनदा उच्चारलं गेलेलं हे आमच्या तालुक्यातलं नाव.

त्यांची गोष्ट निघाली की ऐकणारा नऊ या आकड्यावर अडतो. नऊ लेकरं? मग दुसरं काय होणार! त्यांच्या घरातल्या निर्णयांवर बोलण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण नऊ हा आकडा ऐकला की पुढचे प्रश्न विचारायचं आपण थांबवतो, हे मला फार खटकतं. वावर ओलिताचं होतं की कोरडवाहू? कापसाला भाव काय मिळाला? कर्ज बँकेचं होतं की सावकाराचं? सातबारा कुणाच्या नावावर? हे कुणी विचारत नाही. शेतकरी आत्महत्येसाठी एक लाख रुपयांच्या मदतीचा जो निकष सरकारने ठरवला, त्यात जमीन कुटुंबाच्या नावावर लागते आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. ठेक्याने किंवा बटईने वावर करणारा, विना-परवाना सावकाराकडून उचल घेणारा कास्तकार मेला तर त्याचं प्रकरण अपात्र ठरतं. त्या कागदावर लेकरांची संख्या कुठेच नसते. घर उघड्यावर येतं ते सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे.

आता जरा हिशेब करू. आकडे सोपे धरते, पण आमच्याकडच्या माणसाला ते ओळखीचे वाटतील. पाच एकर कोरडवाहू वावर, सगळीकडे कापूस. पाऊस वेळेवर आला, अळी आली नाही आणि एकरी पाच क्विंटल झाला तर पंचवीस क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तो पुरा पदरात पडला असं मानू, जरी व्यापारी ओलाव्याचं कारण सांगून तो कमी करतोच. एकूण आले २ लाख २ हजार ७५०. बियाणं, खत, डवरणी, निंदण, फवारणी आणि वेचणी यांत लाखभर गेले. उरले लाखभर. घरात चार माणसं असतील तर वर्षाला माणशी पंचवीस हजार, सात असतील तर साधारण साडेचौदा हजार. म्हणजे मोठ्या घराला कमी मिळतं, हे खरंच आहे. इथे थांबलात तर समजूत बरोबर वाटते.

पण पुढच्या वर्षीचं बघा. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली होती, तशी ती आली आणि पीक निम्म्यावर आलं. साडेबारा क्विंटलचे आले १ लाख १ हजार. बियाणं, खत, निंदण यांचा खर्च तर आधीच होऊन गेलेला, वेचणीत काय वाचेल तेवढंच. हातात उरतं जवळजवळ शून्य. ते चौघांत वाटा की सातांत, शून्यच. आमच्याकडे घर बुडतं ते अशा वर्षांनी, आणि अशी वर्षं चार-पाच वर्षांतून एकदा तरी येतातच. त्याच २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कमावता हात असा एका फवाऱ्यात जातो, तेव्हा त्या घरात दोन लेकरं होती की चार याने फरक पडतो तो एवढाच की चार असलेल्या घरात थोरल्याची शाळा जरा आधी सुटते.

लेकरं होतात तरी का, हेही बघितलं पाहिजे. वेचणीला मजुरी किलोवर मिळते. जितके हात वेचतील तितके किलो आणि तितके पैसे. ज्याच्याजवळ ना जमीन, ना पगार, ना म्हातारपणी पेन्शन, त्याच्या घरात लेकरू हे खाणारं तोंड असतं तसंच पुढे वेचणारा हातही असतं आणि म्हातारपणी पाणी देणारं माणूसही. पंजाबातल्या मानुपूर या गावात हार्वर्डच्या अभ्यासकांनी १९५०च्या दशकात संततिनियमनाचा मोठा प्रयोग केला आणि तो फसला. नंतर महमूद ममदानी हे अभ्यासक त्या गावात गेले आणि १९७२ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून कारण सांगितलं. यंत्र घ्यायला आणि मजूर लावायला पैसे नसलेल्या माणसाला मुलगे लागत होते. प्रयोगातल्या गोळ्या घेऊन न वापरता ठेवून देणारी माणसं अडाणी नव्हती, ती आपला हिशेब ओळखून होती.

आमच्याकडे हा हिशेब आता बदलला आहे, आणि कुणाच्या शिक्षेच्या भीतीने बदललेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, महाराष्ट्राचा एकूण जननदर तीनच्या जवळ होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो १.७ झाला. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो, म्हणजे राज्य केव्हाच त्याच्या खाली आलं. लेकरं जगायला लागली, मुली शिकायला लागल्या, आशाताई दारापर्यंत आल्या, म्हणून हे झालं. केरळने अशी कुठलीही पंचायत-बंदी न घालता हे महाराष्ट्राच्या कितीतरी आधी केलं.

मग आज तिसरं लेकरू कुणाच्या घरात होतं? पहिल्या दोन मुली झाल्या आणि घरच्यांना मुलगा हवा आहे, तिथे. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुलीच्या घरात. पोडावर, जिथून दवाखाना लांब आहे आणि नर्सबाईची फेरी पावसाळ्यात चुकते. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासोबतची. या यादीत जमात घालताना जे निकष लावले, त्यात तिची लोकसंख्या खुंटलेली किंवा घटती असणं हाही एक होता. म्हणजे एका खात्याला काळजी की ही माणसं संपतील, आणि दुसऱ्या खात्याचा कायदा सांगतो की तुमच्यात तिसरं जन्मलं तर तुम्हाला गावच्या कारभारात जागा नाही. लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राचा २००५ चा नियम तर सरकारी नोकरीलाही लागू आहे. ज्या घरातून पहिलाच मुलगा पदवीपर्यंत पोचला, ज्याचं लग्न विशीच्या आत झालं, त्याला तिसरं अपत्य झालं तर वर्ग चारची जागाही बंद.

आणि बाईचं काय? किती लेकरं व्हावीत हा निर्णय आमच्याकडच्या किती घरांत बाईच्या हातात असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव दिल्या, हे तुमचं चांगलं काम. पण जे तिने ठरवलंच नाही त्याची शिक्षा म्हणून त्या जागेवरून तिला उठवायचं? तक्रार कोण करतं तेही बघा. बहुधा हरलेला उमेदवार. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो, जन्माच्या नोंदी काढतो, अंगणवाडीची वही काढतो. ज्या आईला हे माहीत आहे, ती लेकराचं नाव कुठल्या वहीत घालायला धजावेल? निर्मला बुच यांनी पाच राज्यांत या अटीच्या परिणामांचा अभ्यास करून २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. नवऱ्याने टाकलेल्या बायका, लपवलेली बाळंतपणं, नाकारलेली लेकरं, मुलगी असल्याचं कळल्यावर केलेले गर्भपात, हे सगळं त्यात आहे. अटीचा सर्वाधिक मार दलित, आदिवासी आणि स्त्रिया यांनाच बसला, हेही त्यात आहे.

योजनांच्या अटी याच वाटेने जातात. प्रधानमंत्री मातृवंदनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये, दुसऱ्याला मुलगी झाली तरच ६,०००. तिसऱ्याला काही नाही, जणू तिसऱ्या बाळंतपणात बाईचं रक्त कमी जातं. तुमच्याच सरकारने २०२३ मध्ये लेक लाडकी योजना आणली. पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या घरात जन्मलेल्या मुलीला अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये. फार चांगली योजना. पण पुढच्या हप्त्यांसाठी आई किंवा बाप यांच्यापैकी एकाच्या शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र लागतं आणि तिसऱ्या लेकीला त्यात जागा नाही. मुलगा हवा म्हणून वाट पाहणाऱ्या घरात जी तिसरी मुलगी येते, तिच्याइतकी नकोशी मुलगी दुसरी कुठली? तिलाच आपण वगळतो.

याच्या उलट, जिथे घरातली माणसं मोजायला हवीत तिथे सरकार ती मोजत नाही. अंत्योदयाच्या कार्डावर ३५ किलो धान्य मिळतं, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कार्डावर मात्र माणशी ५ किलो. आता सर्वांत गरीब म्हणून ज्यांना अंत्योदय दिलं, त्या घरात नऊ माणसं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चार किलोही येत नाहीत. अंत्योदय घर प्राधान्य घरापेक्षा उपाशी! सहाव्या माणसापर्यंत कार्ड फायद्याचं, सातव्याला बरोबरीचं, आठव्यापासून तोट्याचं. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, ते कुटुंब तिघांचं असो की दहाजणांचं. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने १०० दिवसांची हमी दिली ती कुटुंबाला, माणसाला नव्हे. वास्तविक हमीची कल्पना जगाला दिली ती तुमच्याच सभागृहाने. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या आग्रहाने १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली आणि पुढे १९७७ च्या कायद्यात आलेली ती हमी काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला होती. तेव्हा घरात काम करणारे चार असतील तर चौघांनाही काम मागता येत होतं.

लहान कुटुंब वाईट, असं मी म्हणत नाही. पाचव्या बाळंतपणाने खंगलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन वावराच्या धुऱ्यावर बसलेल्या, शाळा सुटलेल्या मुली तर दर दिवाळीनंतर, वेचणीच्या हंगामात, दिसतातच. दोन लेकरांत पाच वर्षांचं अंतर ठेवता आलं तर त्या आईचं आयुष्य सुधारतं, त्या मुलीची शाळा वाचते. म्हणून तर साधनं तिच्या हातात यायला हवीत. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झाली आहे आणि पुरुषांची शंभरात एकाचीही नाही, असं पाचवी पाहणी सांगते. सोपी, बिनटाक्याची, पुरुषाची शस्त्रक्रिया मागे पडली आणि बाईच्या पोटावर टाके पडत राहिले. यावर कायदा करायचं तुम्हाला कधी सुचलं नाही. मारेगावच्या ग्रामीण रुग्णालयात, वणीच्या रुग्णालयात पुरुषांच्या शस्त्रक्रियेची नीट सोय आणि त्याबद्दल बोलणारा पुरुष आरोग्यसेवक, एवढं दिलंत तरी पंचायत-बंदीपेक्षा शंभरपट काम होईल.

तुमच्या सभागृहाचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाची साधनं लोकांना मिळावीत असा अशासकीय ठराव आला. त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी तो मांडला. ठराव पडला. कर्वे आणि बाबासाहेब दोघांचीही मागणी एकच होती की नको असलेलं बाळंतपण टाळण्याचं साधन बाईला मिळावं. तिने ते टाळलं नाही तर तिचा हक्क काढून घ्यावा, असं त्यांच्या मनातही आलं नाही. पुढे १९७६ मध्ये, आणीबाणीत, याच सभागृहाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून महाराष्ट्र त्या कलंकातून वाचला. साधन देणारा ठराव पाडला, सक्तीचं विधेयक मंजूर केलं आणि नव्या शतकाच्या तोंडावर पंचायत-बंदी आणली. हा क्रम तुम्हाला अस्वस्थ करायला हवा.

सर्वोच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली आहे, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. २००३ चा जावेद विरुद्ध हरियाणा सरकार हा निकाल. पण ज्या हरियाणाने तो खटला जिंकला, त्यानेच २००६ मध्ये ही अट काढून टाकली. हिमाचल आणि मध्य प्रदेशाने २००५ मध्ये काढली होती. आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढली, कारण तिथे आता लेकरं कमी पडण्याची चिंता आहे. अट घटनेत बसते याचा अर्थ ती ठेवलीच पाहिजे असा होत नाही.

म्हणून मागणी अशी. ग्रामपंचायत अधिनियमातला (ज-१) हा खंड आणि जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या कायद्यांतल्या त्याच्या जोडीच्या तरतुदी रद्द करणारं विधेयक आणा. सरकार आणत नसेल तर तुमच्यापैकी कुणीही अशासकीय विधेयक म्हणून आणा, १९३८ मध्ये रोहमांनी ठराव आणला तसं. लेक लाडकीतून शस्त्रक्रियेच्या प्रमाणपत्राची आणि अपत्याच्या क्रमाची अट काढा. हे पूर्ण तुमच्या हातात आहे. अंत्योदयाच्या घराला ३५ किलो किंवा माणशी ५ किलो, जे जास्त असेल ते मिळावं. कायदा केंद्राचा असला तरी वरचं धान्य राज्य आपल्या तिजोरीतून देऊ शकतं, आणि आठ-दहा माणसांची अंत्योदय घरं काही इतकी नाहीत की तिजोरी रिकामी होईल. आत्महत्येच्या मदतीत ठेक्याने वावर करणाऱ्याचं नाव येऊ द्या. गावात कुणाचं वावर कुणाकडे ठेक्याने आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, ग्रामसभेचा दाखला त्याला पुरेसा धरा.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. मारेगावहून नागपूर काही लांब नाही. ज्या दिवशी हे विधेयक सभागृहात येईल, त्या दिवशी प्रेक्षक सज्जाचे पास आमच्या तालुक्यातल्या अशा काही बायांसाठी मिळावेत, ज्यांचे अर्ज तिसऱ्या लेकरामुळे बाद झाले. त्यांना यायला आवडेल. लेकरंही सोबत असतील.

आपली,
मारेगाव तालुक्यातील एक मतदार